बसमध्ये झोपू न देणारे भाऊ

भाऊंच्या बसमध्ये कोणाला झोपता येत नसे. ओमानमधल्या एका बंदराच्या गावी आमच्या वसाहतीतून कारखान्यात माणसं नेणारी बस ते चालवत. पाळी संपवून दमलेली माणसं खिडकीला डोकं टेकवायची आणि समोरच्या आरशातून भाऊंची हाक यायची, "ओ साब, उठो. घर जाके सोना. इधर नहीं." केरळचा, बिहारचा, पाकिस्तानचा, कोणीही असो, त्याला ते असंच उठवत. लोक चिडत, हसत आणि डोळे चोळत बसत. माझे यजमान म्हणत, माणूस लाखाचा आहे, पण हा एक चक्रमपणा आहे.

मी चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. लग्नानंतर दोन वर्षांनी तिकडे गेले. सुट्टीच्या दिवशी भाऊंची बस वसाहतीतल्या बायकांना बाजारात नेई; एकदा तिथून परतताना मी आईशी फोनवर बोलत होते, "मले नाई करमत इथी." फोन ठेवला तर भाऊ आरशातून बघत होते. "चंद्रपूरच्या का जी बाई? मी नागभीडकडचा." त्या दिवसापासून ते माझे भाऊ झाले. तेव्हा ते पन्नाशीचे असतील. उंच, वाळलेले, कानाच्या पाळीवर पांढरे केस.

त्यांचं घर तलावात मासे धरणारं. बंदरावरून आमच्यासाठी मासे ते आणायचे आणि निवडून दिल्यावर वर त्यांना नावंही ठेवायचे. "समुंदराचा मासा दिसाले मोठा, पन आपल्या तरावातल्या मरळीची चव याले नाई." माझी मनू तेव्हा तीन वर्षांची. तिला ते 'माय' म्हणायचे. तिच्या लशीसाठी आम्हाला दवाखान्यात सोडायचे, पण स्वतः कधी आत आले नाहीत. भर उन्हात गाडीत बसून राहायचे. "मले तो वास नाई सहन होत," एवढंच सांगायचे.

त्या शुक्रवारी मनूचा ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नव्हता. दुपारी तिला एक झटका आला, हातपाय ताठ झाले आणि मग ती माझ्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखी पडली. यजमान कारखान्यात, आत फोन नेता येत नसे. मी भाऊंना फोन केला. दहा मिनिटांत ते एका मित्राची गाडी घेऊन दारात आले.

"मांग बसा. आन पोरीले झोपू देऊ नका."

दवाखाना पाऊण तासावर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती माती आणि ऊन. भाऊ गाडी पळवत होते आणि एकसारखे तिच्याशी बोलत होते. "ए माय, डोरे उघड. माह्याकडं पाह्य. वाघ कसा वरडते? सांग ना माय." तिचे डोळे मिटत चालले की आवाज चढायचा. त्या आवाजानं ती दचकायची, कण्हायची. मला बघवेना.

"भाऊ, पडू द्या ना तिला जराशी!"

"नाई!" ते एवढ्या जोरात ओरडले की मीच घाबरले. "हलवा तिले. गालावर मारा, पन झोपू देऊ नका."

दवाखान्याच्या दाराशी गाडी थांबली. भाऊंनीच मनूला माझ्या हातातून घेतलं आणि आत धावले. मी मागून पोहोचले तेव्हा ते नोंदणीच्या खिडकीतल्या माणसाशी अरबीत भांडत होते. त्यानं पोरीचे तुम्ही कोण, असं विचारलं असावं. भाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले, "खाल." खाल म्हणजे मामा, तेवढं मला कळत होतं.

संध्याकाळपर्यंत मनू शुद्धीवर आली. मेंदूच्या आवरणाला सूज होती. डॉक्टरांनी इंग्रजीत सगळं समजावलं, नऊ-दहा दिवस ठेवावं लागेल म्हणाले. भाऊ माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "बाई, डॉक्टरले इचारा, जागी ठेवली म्हनून वाचली का?"

मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, जागी असली काय, झोपली असली काय, त्यानं काही फरक पडत नाही. वेळेवर आणलीत, हेच खरं.

मी भाऊंकडे वळले. त्यांचा सदरा घामानं भिजला होता. या माणसाला काहीतरी द्यावं असं मला फार वाटलं आणि मी म्हणाले, "हो भाऊ. तुमी जागी ठेवली म्हनून वाचली."

ते बाकावर बसले. मग बोलू लागले.

त्यांना एक मुलगी होती, पाच वर्षांची. ते तेव्हा मुलचेऱ्याकडे, जंगलभागात मजुरीला गेले होते, बायको-पोरगी सोबत. पावसाळ्यात पोरीला ताप चढला. नाल्याला पूर, दोन दिवस वाट बंद. तिसऱ्या दिवशी एक ट्रॅक्टर मिळाला. "ट्रॉलीत सारखी रडे जी. मंग गप झाली. मले वाटलं, झोप लागली. मीच लोकाईले मनलं, बोलू नका, पोरगी झोपली. ट्रॅक्टरवाल्याले मनलं, हरू चालव, धक्क्यानं उठन." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "दवाखान्यात डॉक्टरनं पाह्यलं तं ती थंडी होती. आज पक्कं समजलं. माहीच चूक होती."

तेव्हाच सांगायला हवं होतं की मी खोटं बोलले. पण आत मनूला सुई टोचत होते, ती रडत होती, आणि मी उठून आत गेले.

नऊ दिवस भाऊ रोज आले. मनू बरी होऊन घरी आली. पण त्यानंतर बसमधलं त्यांचं उठवणं वाढलं. एकदा भर रस्त्यात बस थांबवून त्यांनी एका म्हाताऱ्या फिटरला दोन्ही खांदे धरून हलवलं. तक्रार झाली. कंपनीनं त्यांना पाण्याच्या टँकरवर टाकलं. तिथं ते एकटेच असत. मला दिसले की हात करत, पण थांबत नसत.

वर्षभरानं ते कायमचे गावी निघाले. विमानतळावर आम्ही तिघंही गेलो. मनूनं त्यांना स्वतः काढलेलं चित्र दिलं. मी दोनदा तोंड उघडलं. भाऊ म्हणाले, "काऊन बाई, काई म्हनत होत्या?" मी म्हणाले, "काई नाई. पोचले की फोन करा."

त्यांचा फोन आला, पण ते सांगणं मी पुढच्या वेळेवर टाकत गेले. दोन वर्षांनी त्यांच्या पुतण्यानं फोन करून कळवलं की भाऊ गेले. बोलता बोलता छातीत दुखलं, एवढंच झालं.

सुट्टीत ऊर्जानगरला आले तेव्हा यजमानांना मनूजवळ ठेवून मी एकटी नागभीडला गेले, तिथून ऑटोनं त्यांच्या गावी. धान कापून झालं होतं, शेतांतल्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. भाऊंच्या पत्नी अंगणात जाळं दुरुस्त करत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, मी काय सांगितलं, आणि का.

त्यांचे हात थांबले.

"इतके वर्सं मी हेच सांगून राह्यली होती जी त्याईले," त्या म्हणाल्या. "झोपली म्हनून नाई गेली ती, तुमी काई केलं नाई. पन माहं कोन आयकते? तुमी डॉक्टरचं नाव घेऊन सांगतलं असतं, तं त्याईनं आयकलं असतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी जाळं खुंटीला अडकवलं, मला हातपाय धुवायला पाणी दिलं आणि ताट वाढलं. मी खाली मान घालून जेवले.