डोळे मिटलेला नवरदेव

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत माझ्या डब्यात शिरली नाही अशी म्हैससुद्धा सापडायची नाही, माणसांचं तर सोडाच. डबा म्हणजे माझा कॅमेरा. मामानं पलटणीतून सुटताना आणला होता आणि मामीनं त्यात हळद ठेवायच्या आत मी तो मागून घेतला. काळा, चौकोनी, पुढं एक काचेचा डोळा आणि बाजूला कळ. कळ दाबली की 'खट्' व्हायचं. भोरात दाबली की तो आवाज भाटघरच्या धरणाच्या भिंतीवर आपटून परत यायचा, असं मी सांगतो. लोक हसतात. हसू देत. त्यातलं अर्धं तरी खरं आहे.

या डब्याची एक खोड होती. तो डोळ्याला लावायचा नाही, पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून त्याच्या डोक्यावरच्या काचेत बघायचं. तिथं समोरचा माणूस नखाएवढा दिसायचा. पहिल्यांदा हा डबा घेऊन मी वेल्ह्याच्या बाजारात गेलो. पासष्ट-सहासष्ट साल असेल. एका पटकेवाल्या म्हाताऱ्याला उन्हात उभं केलं आणि काचेत बघायला मान खाली घातली. म्हाताऱ्याला वाटलं, पोरगं रीतभात शिकलेलं दिसतंय, वाकून नमस्कार करतंय. त्यानंही मान लववली. तेवढ्यात माझं 'खट्'. त्याचं बघून दुसऱ्यानं लववली, तिसऱ्यानं लववली. रोल धुऊन आला तेव्हा त्यात वेल्ह्याचा अख्खा बाजार होता, पण तोंड एकाचंही नव्हतं. नुसते पटके, टोप्या आणि डोईवरचे पदर.

तरी मी ते फोटो घेऊन पुढच्या बाजाराला गेलोच. म्हाताऱ्यानं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ह्यो तर म्याच की!"

"कशावरनं, आजोबा? तोंड कुठं दिसतंय?"

"त्वांड कशाला पायजे? हितं पटक्याला उंदरानं कुरतडलंय, त्ये दिसतंय न्हवं?" असं म्हणून त्यानं तो फोटो बाजारभर फिरवला आणि मला चहा पाजला.

तेव्हापासून मी रीतच पाडून घेतली. आधी खराखुरा नमस्कार करायचा, मग बसायचं, चहा घ्यायचा, गाव-गोत विचारायचं, आपलं सांगायचं आणि उठता उठता म्हणायचं, "आता मी एकटाच वाकणार, तुमी वाकू नका." रोल महाग, एका रोलात फोटो जेमतेम बारा, त्यामुळं उगाच कळ दाबायची सोय नव्हती. फोटो निघायचा डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात, पण त्याच्या आधीच्या गप्पा पार बैल सोडायच्या वेळेपर्यंत चालायच्या. आज या दोन तालुक्यांत मला हक्कानं भाकरी घालणारी जी घरं आहेत, ती सगळी त्या महागड्या रोलानं मिळवून दिली. स्वस्त असता तर मी नुसताच खटाखट दाबत पुढं गेलो असतो आणि उपाशी राहिलो असतो.

माझा जिवाभावाचा दोस्तही या डब्यानंच दिला. भोरच्या बाजाराच्या कडेला लिंबाखाली तो पाटे-वरवंटे घडवत बसायचा आणि जात्यांना टाकी लावून द्यायचा. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत झाला की छिन्नी-हातोडीनं त्याला पुन्हा खाचा पाडायच्या, ती टाकी. अंगानं असा दणकट की समोर ठेवलेलं जातं त्याच्यापुढं खेळण्यातलं वाटायचं. माझ्याच वयाचा. आई-बाप लवकर गेलेले, एकट्याचा संसार. मी नमस्कार केला, बसलो, चहा झाला, फोटो काढला. रोल आला तर पठ्ठ्याचे डोळे मिटलेले. पुन्हा काढला. पुन्हा मिटलेले.

"लेका, झोपतोस का काय दगड फोडता फोडता?"

"तू दाबायच्या आधी सांगत न्हाईस, म्हनून."

मग सांगून काढला. आणखी घट्ट मिटले.

त्याचं कारण आम्हाला लवकरच कळलं. लहानपणापासून हातोडी छिन्नीवर पडली की पापणी मिटायची, ही त्याच्या हाडात मुरलेली सवय. कपची उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून. आता कुठंही 'खट्' झालं की त्याची पापणी आपोआप खाली. एसटीचा कंडक्टर तिकिटाला चिमट्यानं भोक पाडायचा तेव्हासुद्धा हा डोळे मिटून तिकीट घ्यायचा. आम्ही यावर वर्षभर हसलो. आणि मग एक दिवस हसू थांबलं.

त्याची आत्या वेल्ह्याच्या बाजूला तोरण्याखाली दिलेली होती. तिच्याच वाडीत, तिच्याच समाजातलं, भातशेती करून राहणारं एक घर होतं आणि त्या घरात एक मुलगी होती. आत्यानं एकदा सणाला या दोघांची बांधाबांधावरून नजरानजर घडवली होती, असा माझा दाट संशय आहे. कारण तिथून आल्यापासून हा वरवंट्यावर नक्षी काढायला लागला होता. नक्षीचा वरवंटा! त्यानं वाटलेल्या चटणीत नक्षी उठायची.

पण मुलीच्या वडिलांच्या मनात एक गोष्ट बसली होती. त्यांच्या वाडीला पूर्वी टाकी लावायला जो म्हातारा यायचा, त्याचा एक डोळा कपचीनं गेला होता आणि दुसऱ्याच्या बुबुळावरही वडसाचा पडदा चढत होता. त्यात कुणीतरी कान भरले की भोरच्या या पोराचाही डोळा गेलाय. मुलाला घरी बोलवायचं आणि मग नाही म्हणायचं हे त्या सभ्य माणसाला बरं वाटेना. त्यांनी आत्याकडं निरोप दिला, "दोनी डोळं उघडं असलेला फोटू दावा. मंग म्होरलं बोलू."

दुसऱ्या कुणाला हे दहा मिनिटांचं काम. आमच्यावर आभाळ कोसळलं.

तो आधी मला न सांगता एका स्टुडिओत जाऊन आला. तिथल्या फोटोतही डोळे मिटलेलेच आले, पण स्टुडिओवाला कनवाळू. त्यानं बारीक कुंचल्यानं मिटल्या पापण्यांवर नवे डोळे रंगवून दिले, तेही आपल्या मनासारखे, मोठे. घुबडानं बघून लाजावं असे. आत्यानं तो फोटो वाडीत नेला. मुलीच्या वडिलांनी तो दाराशी उजेडात धरला आणि म्हणाले, "ह्ये तर चितारल्यालं डोळं हायेत. खरं असतं तर चितारलं कशाला असतं?" आत्यानं तो फोटो गुपचूप पदराखाली घातला.

मग माझी बारी. एक अख्खा रोल मी त्याच्या दोन डोळ्यांवर ओवाळून टाकला. कानात कापूस घालून काढला, तर माझं बोट हललेलं बघून मिटले. माझ्या बोटावर धोतराचा सोगा टाकला, तर सोग्याकडं संशयानं बघून मिटले. धरणाच्या खाली, पाण्याचा घोंगाट चालू असतो तिथं नेऊन काढला. तिथं मला माझंच बोलणं ऐकू येत नव्हतं, पण याला 'खट्' ऐकू आलं! रोल धुऊन आला. बाराच्या बारा फोटोंत बारा तऱ्हांनी मिटलेले डोळे.

त्यानं ते फोटो एकेक करून पाहिले आणि पुन्हा गठ्ठा करून माझ्या हातात दिले. "ऱ्हाऊ दे, गड्या. तिच्या बापाचं तरी काय चुकलं? पोरगी त्यानं आंधळ्याला का द्यावी?" एवढं बोलून तो दगडाकडं वळला. त्या दिवशी तो नुसताच ठोकत होता. दगडाला आकार येत नव्हता.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी तो गठ्ठा आणि डबा घेऊन मी वेल्ह्याची एसटी धरली. तिथून वाडीपर्यंत चालत. भातं निघून गेलेली, खाचरांत नुसते बुडखे. आत्याला बरोबर घेतलं आणि मुलीच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. वडील घोंगडीवर दावं वळत बसले होते. मी रीतीप्रमाणं आधी नमस्कार केला.

"या, पाव्हणं. बसा. फोटू काडनारं तुमीच का?" त्यांनी माझ्या डब्याकडं असं पाहिलं, जसा मी त्यातून साप काढणार आहे. "उघड्या डोळ्याचा आनलाय का?"

मी भल्याभल्यांना थापा मारल्या आहेत. त्या माणसापुढं एक सुचली नाही. मी सगळे फोटो घोंगडीवर मांडले.

त्यांनी शांतपणे एकेक उचलून पाहिला. "ह्यो मिटल्याला. ह्योबी मिटल्याला. ह्यो... मिटल्याला." शेवटचा ठेवला आणि मला म्हणाले, "पाव्हणं, तुमी चांगलं मानूस दिसताय. पर तुमीच सांगा, म्या काय समजायचं?"

मी काही सांगणार एवढ्यात आत चालू असलेली जात्याची घरघर थांबली. आत्या जाणती. तिनं फोटो गोळा केले आणि आत नेले. आत फोटो एकेक करून, पुन्हा पहिल्यापासून उलटल्याचा आवाज येत राहिला. मग आडून मुलीचा आवाज आला, "आत्याबाई, त्या डब्याचा आवाज व्हतो का, इचारा."

"होतो की," मी म्हणालो आणि कळ दाबली. खट्.

मग ती बोलली, आत्याशी नव्हे, सरळ वडिलांशी. "आबा, आपल्याकडं टाकी लावाय यायचा त्यो म्हातारबा डोळं फाडून घाव घालायचा. जात्यापुढं बसून म्या बगितलंय. म्हनून त्याचा डोळा गेला. ह्यो आवाज ऐकला की मिटतोय. असा मिटनाऱ्याचा डोळा कसा जाईल? ह्यो म्हातारा झाला तरी दोनी डोळ्यानं बगंल."

वडिलांच्या हातातलं दावं थांबलं. त्यांनी फोटो परत मागवले आणि पुन्हा पहिल्यापासून पाहायला लागले. आता प्रत्येक फोटोला त्यांच्या मिशा थोड्याथोड्या हलत होत्या. शेवटी ते आत्याला म्हणाले, "बोलवा त्याला. जातं दावा म्हनावं टाकी लावून. म्या समोर बसून डोळं बगतो." आणि मग आतल्या बाजूला मान वळवून, जरा मोठ्यानं, "बारा फोटू लई बारीक बगितल्यालं दिसत्यात कुनी तरी!"

आत भांडं पडलं. खरोखर पडलं, हे मी पदरचं घातलेलं नाही.

तो आला, त्यानं टाकी लावली. वडील समोर उकिडवे बसले होते आणि प्रत्येक घावाला स्वतःही डोळे मिचकावत होते. लग्न उन्हाळ्यात वाडीतच झालं. पांढऱ्या साडीतली नवरी, पांढऱ्या कपड्यातला तो, बुद्धवंदना झाली, मग जेवणं. मला पंगतीत असा आग्रह की परत येताना एसटी एका अंगाला कलली होती.

जेवणाआधी मी जोडप्याचा फोटो काढला. मध्ये वडील उभे. मी पोटाशी डबा धरला, मान खाली घातली. नवरी म्हणाली, "भाऊजी, दाबायच्या आधी सांगा हां." मी सांगितलं. खट्.

रोल धुऊन आला आणि माझा चेहरा उतरला. त्याचे डोळे मिटलेले हे ठरलेलंच, पण तिचेही मिटलेले! दोघांच्या मध्ये वडील मात्र डोळे वटारून उभे, जसं काय तिघांचं त्यांना एकट्यालाच बघायचं होतं. लग्नाचा एकुलता एक फोटो आणि मी तो वाया घालवला. मी तोंड लपवत भोरात त्यांच्या नव्या बिऱ्हाडी गेलो आणि माफीच मागायला लागलो.

तिनं फोटो हातात घेतला, पदरानं पुसला आणि हसली. "भाऊजी, तुमी सांगितलं तवाच म्या मिटलं. मुद्दाम. ह्यांचं एकट्याचंच मिटल्यालं बरं दिसलं नसतं."

तो फोटो तिनं दाराच्या समोरच लावला. माझ्या घरी नक्षीचा वरवंटा आहे, तो त्यांनीच दिलेला. चटणीत नक्षी उठत नाही, हे आता कबूल करतो. पण त्यावर वाटलेली चटणी खाताना माझी मान आपोआप खाली जाते आणि समोर कुणी बसलेलं असलं तर तोही बिचारा नमस्कार समजून वाकतो. मी त्याची समजूत काढत नाही. तसा तो नमस्कारच असतो.