देऊन टाकलेला मोबाइल

कामोठ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका दरवर्षी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात घरातली एकेक वस्तू शेजाऱ्यांना देऊन टाकत. "सामान कमी केलं की प्रभूला बसायला जागा होते. काय?" असं म्हणत, आणि समोरच्याच्या उत्तराची वाट न बघता पुढे बोलत राहत.

दिलेल्या वस्तूंची पाठ मात्र ते सोडत नसत. मिक्सर तळमजल्यावर दिला, तर चटणीचं खोबरं घेऊन तळमजल्यावर जात. टीव्ही आमच्या गळ्यात मारला, तर बातम्यांना रोज आमच्याकडे हजर, तेही स्वतःची खुर्ची घेऊन. कारण खुर्ची अजून दिलेली नव्हती.

एका वर्षी त्यांनी नवाकोरा स्मार्टफोन माझ्या हातात ठेवला. "हा माणसाला कामाचं काही करूच देत नाही. तुम्हीच ठेवा. काय?"

झालं! त्यांच्या चर्चमधले लोक प्रार्थनेसाठी फोन करायचे आणि निरोप द्यायला जिने मी चढायचो. चरफडत, पण चढायचो.

एका दुपारी फोनवर एक बाई रडत होत्या. "ब्रदर, ह्यांना ऑपरेशनला आत नेलंय. आत्ताच प्रार्थना करा."

मी वर धावलो. दाराला कुलूप. काकांना फोन करावा, तर त्यांचा फोन माझ्याच हातात.

"ब्रदर, आहात ना?"

"आहे," मी म्हणालो. चपला काढल्या आणि त्या कुलपासमोर डोळे मिटून उभा राहिलो.