दाराशी आलेलं मशीन

आता तुम्ही म्हणाल, सत्तरीला टेकलेल्या बाईला हायपरवायझरशी काय करायचंय? पण मला करायचं होतं! एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून आमचे हे निवृत्त झाले, आम्ही नाशिक रोडला राहायला आलो, आणि सुनेच्या जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ बघत बघत मी प्रोग्रॅमिंग शिकले. चार वह्या भरल्यात.

त्या दिवशी सून अगदी रडकुंडीला आली होती. बाळंतपणानंतर तीन वर्षांनी तिला पुन्हा काम मिळत होतं. चार वाजता कंपनीच्या लोकांना फोनवर तिचा हायपरवायझर चालता करून दाखवायचा, नाही तर काम दुसऱ्या कुणाला जाणार. आणि चाचणी लावली की मशीन दाणकन बंद!

"मला सांग तरी काय होतंय."

"आई, कंटाळाल तुम्ही."

"तुझी लेक डायनासोरच्या गोष्टी सांगते, त्या मी ऐकते ना रोज? बोल."

हायपरवायझर म्हणजे एका खऱ्या मशीनवर अनेक आभासी मशीनं नांदवणारा कारभारी. त्यातलं एखादं मशीन मधेच थांबून कारभाऱ्याकडे येतं, ती एक्झिट. कारभारी त्याचं काम करतो, कुठवर आलं ते दाखवणारं त्याचं बोट पुढच्या सूचनेवर ठेवतो आणि म्हणतो, चल आता. इथवर मला ठाऊक होतं. पण हिच्या मशीनच्या आत एक एन्क्लेव्ह होतं, म्हणजे कुलूपबंद खोली. आतलं कारभाऱ्यालाही दिसत नाही. तिथून एक्झिट झाली की प्रोसेसर आधी सगळा पसारा आतच झाकून ठेवतो आणि कारभाऱ्याला दाखवतो फक्त दार. त्या दारावर एकच सूचना: परत आत जा.

"मग तुझा कारभारी काय करतो?"

"नेहमीचंच. बोट एक सूचना पुढे."

"अगं, हे तर माझ्या जाऊबाईंनी केलं होतं!" मी ओरडलेच.

वीज केंद्राच्या कॉलनीत होतो तेव्हाची गोष्ट. पानांच्या नक्षीचा स्वेटर विणत होते, टाक्यांचा क्रम सगळा डोक्यात. गॅसवाला आला म्हणून सुया ठेवून दाराशी गेले. वणीहून आलेल्या जाऊबाईंनी तेवढ्यात, मदत म्हणून, चार टाके पुढे विणून ठेवले! बाहेरून दिसत होत्या नुसत्या सुया. क्रम त्यांना कुठून कळणार? सगळी पानं तिरकी झाली.

"तुझा कारभारीही तसाच," मी म्हटलं. "आतली सूचना ओलांडली असं त्याला वाटतं, आणि ओलांडतो तो दारावरची. मग मशीन आत जाणार कसं? एक्झिटच्या कारणात आतून आल्याची काही खूण असेलच ना? ती बघतेस का तू?"

सुनेनं भराभर कोड वर-खाली करून पाहिला. मग म्हणाली, "नाही हो, आई."

तिनं दोन ओळी घातल्या: खूण असेल तर बोटाला हात लावायचा नाही. चाचणी लावली. एकदा चालली. "पुन्हा लाव," मी म्हटलं. पुन्हा चालली! शंभर वेळा लावली, सून खुर्चीतच नाचायला लागली, आणि माझं हृदय असं धडधडत होतं की ह्यांनी विचारलं, "बीपीची गोळी घेतलीस ना?"

चारला ती खोलीत गेली. मी बाहेर येरझाऱ्या घालत होते. पाऊण तासानं दार उघडलं.

"आई, काम माझंच!"

"पेढे नंतर," मी तिला आत ढकललं. "ते फोनवर आहेत तोवर विचारून घे, आणखी काय काय बिघडलंय."