ताईचे पाय आणि उंच गाडी

आमची ताई पुरुषांच्या पँटी शिवते. दुकानाच्या काचेतून डोंगराकडे जाणारा रस्ता दिसतो. त्या रस्त्याने धुरळा उडवत जाणाऱ्या उंच, लांब पल्ल्याच्या मोटारसायकली बघत बघत तिची निम्मी हयात मशीनवर गेली. ताई बुटकी आहे. हे तिच्या तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नाही.

परवा तसलीच एक वापरलेली गाडी विकायची आहे असं कळलं आणि बाईंच्या अंगात आलं! फार अवजडही नाही, फार लहानही नाही, आणि जपून वापरलेली. तिने फोनवर सीटची उंची विचारली, टेप काढून स्वतःचा पाय मापला आणि टुणकन उडी मारली, "अगं, टेकतात की पाय!"

भाऊजी मला म्हणाले, "आवर तुझ्या बहिणीला." मी कसली आवरते? मीच हेल्मेट घेऊन पुढे!

गाडीचे मालक निवृत्त सर्व्हेअर. गुडघ्याने दगा दिला म्हणून गाडी विकायला काढलेली, आणि त्यांची अट एकच. "जो हिला तोलेल त्यालाच देईन. दोघांना परत पाठवलंय."

ताई चढली. दोन्ही टाचा अधांतरी! गाडी कलली, मालकांनी झटकन हँडल धरलं आणि नकारार्थी मान हलवली.

"माप चुकलंच कसं तुझं?" मी खेकसले.

ताईचा चेहरा एवढासा झाला. "सवय गं मेली! खाली दुमडायला दोन इंच जास्त धरले."

आता हसावं की रडावं? गिऱ्हाइकाच्या पँटीसारखा बयेने स्वतःचा पाय वाढवून घेतला होता!

"उतरा ताई," मालक म्हणाले.

"थांबा हं जरा." तिने कंबर डावीकडे सरकवली, उजवा पाय ब्रेकवर ठेवला आणि डावा तळवा जमिनीवर सपाट टेकवला. "आता सोडा हँडल."

मालकांनी सोडलं. गाडी तसूभर हलली नाही. "मशीनवर तरी कुठे दोन्ही पाय जमिनीवर असतात?" ताई म्हणाली.

"चालवून दाखवा."

गेली की हो! कोपऱ्यावरून दिसेनाशीच झाली. मालक लंगडत फाटकाशी येरझारा घालत होते आणि मी देव पाण्यात घालून उभी. मग भलत्याच बाजूने आवाज आला. अख्ख्या वस्तीला वळसा घालून ती नेमकी आमच्यासमोर थांबली, एका पायावर, ऐटीत. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

मालकांनी खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढली, अंगठ्याने पुसली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"ही तरी माझ्याकडे कशाला ठेवू आता?"