न वाकणारी सळई

वाकवे काकांचं आडनाव वाकवे नव्हतं. एकतीस वर्षं बांधकामावर सळया वाकवल्या म्हणून साइटवर ते नाव पडलं आणि चिकटलं. काका माप न लावता सळई ओढायचे आणि कोन बिनचूक यायचा. त्याचा त्यांना भारी तोरा. पाठ मात्र कामातून गेली होती. पाण्याच्या बादलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे फक्त बायकोला ठाऊक. मुकादमाच्या कानावर गेलं तर घरी बसावं लागेल, या धास्तीनं काका दिवसभर दात-ओठ आवळून ताठ उभे राहायचे.

या वेळचं काम समुद्राकाठच्या भिंतीचं होतं. जुन्या भिंतीच्या सळया बावीस वर्षांपूर्वी काकांनीच बांधलेल्या. खाऱ्या हवेनं लोखंड गंजून फुगलं, काँक्रीटचे ढलपे पडले, आणि ती भिंत फोडायची वेळही काकांवरच आली. आपल्याच हातचं काम फोडताना माणूस दुप्पट दमतो.

नव्या सळया आल्या त्या फायबरग्लासच्या, पिवळ्या. काकांनी नेहमीच्या जोरानं एक उचलली आणि मागच्या मागे धडपडले. लोखंडाच्या पाव वजनाची! सगळे खो खो हसले. काकाही हसले.

मग भिंतीचा कोपरा आला. काकांनी सवयीनं सरळ सळई बाकावरच्या खुंट्यांत अडकवली, पाना लावला आणि ओढली. वाकली, पण सोडताच पुन्हा सरळ.

"माजलीस होय?" म्हणत त्यांनी कमरेचा जोर लावून ओढली. कडकन आवाज झाला, सळई चिरफाळली आणि बारीक कुसळं तळहातात घुसली.

इंजिनीअरबाई धावत आल्या. "अहो काका, ही साइटवर वाकत नाही! कोपरे कारखान्यातूनच तयार येतात. ते काय, तिकडे रचून ठेवलेत. पण गंजायची चिंताच नाही बघा."

मुकादमानं पाना उचलून बाजूला ठेवला. "उद्यापासून सळयांना नुसत्या तारेच्या गाठी मारा काका. पाठीलाही आराम."

"पाठीचं तुला कोणी सांगितलं?"

"दोन वर्षं बघतोय की."

"मग काढलं का नाहीस?"

"तुमच्यासारखा कोन दुसरं कोण काढणार होतं?" मुकादम सहज बोलला आणि पुढच्या कामाला लागला.

संध्याकाळी बायको चिमट्यानं कुसळं काढत बसली. "काम राहिलं ना?"

"राहिलं. गाठी मारायच्या. त्या काय, कोणीही मारतं."

"मारू देत. आज जिना न थांबता चढून आलात, लक्षात आलं का?"

नव्हतं आलं. काकांना बरं वाटायला हवं होतं. त्यांनी नुसता दुसरा हात पुढे केला. त्यात एकही कुसळ नव्हतं, तरी बायकोनं तो धरून ठेवला.