सिग्नलमामांची फळी

सिग्नलमामा बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघायचे नाहीत. माडाच्या शेंड्याकडे बघायचे. नवख्याला वाटे, हा गृहस्थ आपल्याला खिजगणतीत धरत नाही. खरं म्हणजे त्या शेंड्याला त्यांनी स्वतःच्या हाताने अँटेना बांधली होती आणि ती जराशी कलली तरी त्यांचं बोलणं अर्ध्यावर राहायचं. इतर लोक भेटल्यावर जेवणाची चौकशी करतात, मामा विचारायचे, "सिग्नल आसा मां?" सगळं ठीक असेल तर ‘आसा’ म्हणायचं आणि पुढे जायचं. ‘नाय’ म्हटलं की मामा हातातलं काम ठेवून बाजूला बसायचे.

देवबागची आमची वाडी म्हणजे एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे जेमतेम आमची घरं. होडी थोडी बाहेर गेली की मोबाइल मुका होतो. मामांचा धाकटा भाऊ असाच होडी घेऊन गेला, तो परत आला नाही. शोधायला सगळा गाव उतरला होता, पण शोधायचं कुठे हेच कुणाला कळेना. मामा तेव्हा गोव्यात बोटींच्या कारखान्यात वायरिंग करत. ती नोकरी सोडून ते घरी आले, टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि मागच्या खोलीत डबे जुळवत बसले. साबणाच्या डबीएवढा डबा होडीवर बसवायचा. थोड्या थोड्या वेळाने तो आपला ठावठिकाणा माडावरच्या अँटेनाला कळवणार. त्याला मोबाइलची रेंज लागत नव्हती.

पण डबा घ्यायला कोणी तयार होईना. आमच्याकडचा माणूस मासळीची जागा सख्ख्या भावालाही सांगत नाही. ती दुकानातल्या पडद्यावर दिसणार म्हटल्यावर सगळे बिथरले. मामांनी पडदाच काढून टाकला. भिंतीवर एक फळी लावली आणि फळीवर प्रत्येक होडीच्या नावाने एक हिरवा दिवा. निरोप येतोय तोवर दिवा पेटलेला. तो गेला, तरच मामा जागा उघडून बघणार. "मासो खंय गावता ता माका नको," ते प्रत्येकाला सांगत, "तू खंय आसस ता व्हया." पहिला डबा आमच्या बाबांनी घेतला, तोही आईने भरीस घातलं म्हणून. आई मामांना भाऊ मानायची, भाऊबीजेला ओवाळायची. तिच्या शब्दापुढे बाबांचं काही चालत नसे. त्यांच्यामागून आणखी काही होड्यांनी डबे घेतले.

फळीचं वाडीला भारी कौतुक. बायका मासळी विकून येताना दुकानात डोकावत, आपापला दिवा बघत आणि मगच घरी जात. मामांनी देऊळच काढलंय, दक्षिणापेटी तेवढी राहिलीय, अशी मी त्यांची चेष्टा करायचे.

मग एका दुपारी वारा फिरला. होड्या एकेक करून परतू लागल्या. आई आणि मी दुकानात होतो. बाबांची होडी अजून बाहेर होती आणि आम्ही बघत असतानाच त्यांचा दिवा विझला.

आपल्याकडे दिवा विझला असं तोंडाने म्हणतसुद्धा नाहीत. मालवला म्हणतात, शांत झाला म्हणतात. हा तर नवऱ्याच्या नावाचा दिवा. आईने त्या दिव्याभोवती ओंजळ धरली. मामा म्हणाले, "यंत्र गप झाला गो बाय, माणूस नाय." ते तिच्या कानापर्यंत पोचलं नाही. मामांनी शेवटची जागा उघडली, खाडी दर्याला मिळते त्या संगमावर नुकत्याच लागलेल्या दोन होड्यांना सांगितली आणि त्या तशाच पुन्हा उसळत्या पाण्यात शिरल्या. आता बाबांच्या जोडीला त्यांचीही काळजी. दोष अँटेनात असेल म्हणून मामा त्या वयात, त्या वाऱ्यात, माडावर चढले. खाली बायका जमल्या. एका म्हातारीने तर सगळं ठरल्यासारखा गळा काढला. आईने एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरून ठेवल्या होत्या. मला मामांचा भयंकर राग आला. डबा नसता तर या वेळी आई भात शिजवत असती आणि संध्याकाळपर्यंत तिला आशा तरी असती. दर्याने काही ठरवण्याआधीच मामांच्या विज्ञानाने ती काढून घेतली होती. माडावर झोके खाणाऱ्या त्या माणसाला मी मनात लाखोली वाहिली.

आम्ही सगळे दर्याकडे तोंड करून उभे. बाबा आले ते पाठीमागून, खाडीच्या बाजूने. संगमातून आत शिरून त्यांनी होडी तिकडेच लावली होती. नखशिखान्त भिजलेले, खांद्यावर जाळं. गर्दी बघून त्यांचाच चेहरा उतरला. "कोणाक काय झाला?" त्यांनी विचारलं.

डब्यात पाणी शिरलं होतं, एवढंच. शोधायला गेलेल्या होड्याही सुखरूप परतल्या. आई मात्र तडक माडाखाली जाऊन उभी राहिली. मामा उतरले. छाती आणि तळवे सोलवटले होते.

"दादा," आई म्हणाली, "तुझा यंत्र शाना आसतला. पण घोवाच्या नावान लायलेलो दिवो मी विझाक देवचंय नाय."

दुसऱ्या कुणाला मामांनी तासभर यंत्राचं शास्त्र समजावलं असतं. त्या दिवशी त्यांनी माडाच्या शेंड्याकडे न बघता आईच्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली. मग दुकानात जाऊन फळी उतरवली.

नवी फळी लागली तिच्यावरचा दिवा विझत नव्हता. निरोप येतोय तोवर हिरवा, निरोप थांबला की पिवळा. मामा लाल लावणार होते. आईने हळदीचा रंग सांगितला. वीज गेली तरी फळी चालू राहावी म्हणून तिला वेगळी बॅटरी जोडली. "पिवळो म्हणजे गेलो नाय," मामा येईल त्याला बजावत, "पिवळो म्हणजे शोधूक चल." पुढच्याच हंगामात इंजिन बंद पडून वाहत निघालेली एक होडी त्या पिवळ्या दिव्याने माणसांसकट परत आणली. मग मासळीच्या जागा लपवणारे उरलेले लोकही डब्यासाठी दुकानाच्या पायरीवर बसू लागले, आचऱ्याहूनही माणसं येऊ लागली.

तपासणीसाठी एक डबा मामांच्या स्वतःच्या खिशात असायचा आणि फळीच्या टोकाला त्यांच्या नावाचा दिवा. गेल्या वर्षी छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांना गाडीत घालून कुडाळच्या इस्पितळात नेलं. मी खिडकीशी वाकले. धाप लागलेली असतानाही त्यांनी मलाच विचारलं, "सिग्नल आसा मां?" मी ‘आसा’ म्हटलं. गाडी गेली आणि थोड्या वेळाने, अँटेनाच्या टप्प्याबाहेर पोचताच, त्यांचा दिवा पिवळा झाला. या वेळी कुठे शोधायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांना जिवंत परत आणणं कुणाच्या हातात नव्हतं.

दुकान आता त्यांचा पुतण्या चालवतो. मध्यंतरी एका नव्या होडीसाठी त्याला फळीवर जागा हवी होती. मामांच्या दिव्याची वायर तो सोडवायला लागला, तेवढ्यात आई आत आली.

"नव्या होडयेक नवो दिवो लाव," ती म्हणाली. "ह्यो हयच रवांदे. पिवळो आसा, विझाक नाय."

त्याने फळी लांबवली. बाबा दर्यावर असले की आई अजून दुकानात जाते. त्यांचा हिरवा दिवा बघते, मग टोकाच्या पिवळ्या दिव्यापाशी जरा थांबते आणि विचारते, "दादा, सिग्नल आसा मां?"