घटकांच्या यादीतला धूर

मी लेबलं लिहिते. खाण्याच्या पाकिटामागे जो बारीक मजकूर असतो, जो वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा असूनही कोणी वाचत नाही, तो माझा. घटक कोणते, शंभर ग्रॅममध्ये ऊर्जा किती, साखर किती, हिरवा ठिपका केवढा, अक्षराची उंची किती मिलिमीटर. साताऱ्यात आमच्या गॅलरीत एक टेबल, एक लॅपटॉप आणि एक फूटपट्टी, एवढ्यावर माझं ऑफिस चालतं. त्याआधी शिरवळला एका बिस्किटांच्या कारखान्यात होते. तिथं प्रयोगशाळेत दिवसभर बिस्किटं जाळायची आणि राहिलेली राख मोजायची. पोर झाल्यावर रोजची ये-जा जिवावर आली आणि मी घरून कामं घ्यायला लागले. मी स्टिकर छापते अशी सासूबाईंची अजून समजूत आहे. आता मीही ती दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

माझी गिऱ्हाईकं म्हणजे बचत गट, पापडवाले, चटणीवाले, एक-दोन स्ट्रॉबेरीच्या जॅमवाले. लेबल म्हटलं की यांच्या डोळ्यांपुढे आधी कुलदैवत येतं, मग नातवाचा फोटो, मग जागा उरली तर माल. एका बाईंनी घटकांच्या यादीत लिहून आणलं होतं, ‘मीठ चवीनुसार’. मी विचारलं, कोणाच्या चवीनुसार? त्या म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले एक काका शेंगदाण्याची चटणी करतात. एका वेळी माणूस किती खाईल ते लिहावं लागतं असं सांगितल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला. म्हणाले, “लिवा, एक डबा.” प्रथिनांचा आकडा बघून त्यांचं तोंड उतरलं. “शेजारच्याच्या पाकिटावर जास्त हाय. आपल्याला पन वाढवा की थोडं. काय बिघडतंय?”

मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. आकडा प्रयोगशाळेतून येतो, मायेपोटी येत नाही, असं सुनावलं. माझा स्वभावच तसा आहे. गूळ घालून वर ‘शुगर फ्री’ लिहिणाऱ्या एकाला तर मी गॅलरीतून रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलले होते. चुका लोकांच्या आणि नियम माझे पाठ, अशी माझी एकूण गुर्मी होती. ती उतरवायचं काम तासगावच्या चाचींकडे आलं.

चाची मला जन्मापासून ओळखतात. माझं माहेर तासगाव. वडिलांची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. चाची हंगामात आमच्याकडे बेदाणा निवडायला यायच्या. पुढ्यात पाटी घेऊन बसायचं, हिरवा एका बाजूला, पिवळा दुसरीकडे, काळा वेचून वेगळा. त्यांच्यासारखी नजर आख्ख्या शेडवर दुसऱ्या कोणाची नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी कोणाकोणाचा बेदाणा निवडला, आणि तो खोक्यांत बसून ज्याच्या त्याच्या नावानं मुंबई-दिल्लीला गेला. आमच्या खोक्यांवर माझ्या वडिलांचं नाव असायचं. साठी जवळ आल्यावर चाचींनी दोन्ही सुनांना हाताशी धरून बेदाण्याच्या वड्या करायला घेतल्या. बेदाणा, तीळ, गूळ, थोडी सुंठ. परवाना घेतला, घरामागची खोली रंगवली, डोक्याला टोप्या घातल्या. आणि पाचगणीच्या एका निवासी शाळेनं मुलांच्या चारच्या खाण्यासाठी त्या वड्या मागवल्या. अट एकच, टिकवायचं रसायन कुठलंही नको.

चाचींचा फोन आला तेव्हा आवाजच वेगळा होता. “पोरी, लेबल तूच कर. आनि माजं नाव पायजे बग त्याच्याव.”

नाव तर कायद्यानंच लागतं, बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता. मी तसं सांगितलं.

“कायद्यानं लागतंय?” त्यांनी विचारलं. “म्हंजे कुनी काडू म्हनलं तरी न्हाई काडता यायचं?”

“नाही काढता यायचं.”

“बेस केलं कायद्यानं,” चाची म्हणाल्या.

हे लेबल मी जीव लावून केलं. वड्या प्रयोगशाळेत पाठवल्या, आकडे आले, तक्ता मांडला. ज्यांची ॲलर्जी येऊ शकते अशा पदार्थांची एक यादी असते. गहू, दूध, अंडं, मासे, शेंगदाणा, सोयाबीन, आणि शेवटी सल्फाइट. ती मला पाढ्यासारखी पाठ आहे. मी सगळ्यांवर फुली मारली. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि समोर हिरव्या अक्षरांत ‘कोणतेही प्रिझर्व्हेटिव्ह नाही’. खाली चाचींचं नाव. नियमात बसेल त्याहून मी ते जरा मोठंच ठेवलं.

लेबलं छापून आली त्या दिवशी शाळेच्या मेट्रनबाईंचा फोन आला. मुलींच्या वसतिगृहाचं खाणंपिणं आणि आजारपण त्याच बघायच्या. बोलणं मृदू, पण प्रश्न नेमका. “सल्फाइट वगैरे काही नाही ना? आमच्याकडे दोन मुलींना दमा आहे. एकीला मागे एकदा सुक्या जर्दाळूंनी फार त्रास झाला होता.”

“छे हो,” मी म्हणाले. “आम्ही काही घालतच नाही.”

दुसऱ्या दिवशी लेबलांचा रोल पिशवीत घालून मी तासगावला निघाले. कराडला गाडी बदलली, विटा गेलं. हंगामाचे दिवस होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेडं भरलेली. एके ठिकाणी गाडी थांबली आणि खिडकीतून तो ओळखीचा वास आत आला. नाकात झोंबणारा, घशाला खवखव आणणारा. शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला आणि खोकत म्हणाल्या, “गंधक लावल्यालं दिसतंय कुनीतरी.” मी मात्र दर वेळेसारखा छाती भरून वास घेतला. हा वास आला की माझं माहेर सुरू होतं.

अर्धा श्वास घेतला असेन, आणि मेट्रनबाईंचा प्रश्न आठवला.

गंधकाची धुरी. वाळलेला बेदाणा बंद खोलीत ठेवायचा, गंधक पेटवायचा, धूर कोंडायचा. त्यानं रंग उजळतो, कीड लागत नाही, माल टिकतो. तो धूर बेदाण्यात मुरतो, आणि जे मुरतं त्याचंच नाव सल्फाइट. पुस्तकातलं सल्फाइट मला पाठ होतं आणि माहेरचा वास मला पाठ होता. पण दोघांची गाठ मी कधी घालून दिली नव्हती. आमच्याकडे धुरी ही ‘घालायची’ गोष्टच नाही. घालतात तो गूळ, घालतात ते मीठ. धुरी देतात, जशी घरात ऊद-धुपाची देतात तशी. प्रयोगशाळेला मी जे विचारलं तेवढंच त्यांनी तपासलं, आणि हे मी विचारलंच नव्हतं. दम्याच्या दोन पोरींबद्दल मला सरळ प्रश्न आला होता आणि मी ‘छे हो’ म्हणून मोकळी झाले होते. उरलेला रस्ता मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले.

चाचींकडे सणासारखं वातावरण होतं. सुनांनी चहा ठेवला. चाचींनी हात धुतले, पुसले, बिस्मिल्ला म्हणून रोल हातात घेतला आणि एक लेबल उजेडात धरलं. त्यांना वाचता येत नाही.

“माजं नाव कुटं हाय?”

मी दाखवलं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, मग परत एकदा. त्या वेळी मला गप्प बसावंसं वाटलं, हे मी कबूल करते. दुपारपर्यंत सांगू, चहा झाल्यावर सांगू, असं मन म्हणत होतं.

“चाची, बेदाण्याला धुरी दिलीय ना?”

“दिलीया की. धुरीबिगर असा रंग येतोय व्हय?”

“मग ते यादीत लिहावं लागेल.”

“धूर?” चाची सुनांकडे बघून हसल्या. “धूर कुटं लिवत्यात व्हय गं? उद्या म्हनशील चुलीचा धूर पन लिव!”

सुना खो खो हसल्या. मलाही हसू फुटलं, त्या बोलल्याच तशा होत्या. मग मी दम्याच्या मुलींचं सांगितलं. धूर बेदाण्यात कसा राहतो आणि धापेच्या माणसाला तो कसा बाधू शकतो तेही सांगितलं. चाचींचं हसू थांबलं.

“किती पोरी म्हनलीस?”

“दोन.”

“केवड्या?”

“असतील पाचवी-सहावीतल्या.”

त्यांनी लेबल खाली ठेवलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू शिकल्याली. त्यात तासगावची. तुला आदी कळू नये व्हय?”

जन्मात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. लोकांच्या ‘चवीनुसार’ला हसणारी मी.

तशीच अंगणात येऊन मी मेट्रनबाईंना फोन लावला आणि काल चुकीचं सांगितलं असं सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं झालं आज सांगितलंत. पण मग हा माल आम्हाला नाही घेता येणार.” मी विचारलं, धुरी न दिलेल्या बेदाण्याच्या वड्या केल्या तर? त्या म्हणाल्या, तपासणीचा कागद पाठवा, मग बघू.

म्हणजे वाट होती. पण धुरी न दिलेला बेदाणा रंगाला काळपट होतो. आणि काळा म्हटल्यावर चाची उसळल्याच.

“काळा? चाळीस वर्सं काळा येचून भाईर काडला मी. तुज्या बाच्या शेडवर एक काळा दाना राहिला तर आख्खी पाटी परत निवडाय लावायचा तुजा बा. आनि आता माजं नाव पैल्यांदा लागायचं ते काळ्याव? लोक काय म्हनतील? निवडनारीला माल कळंना?”

मी त्यांची समजूत काढायला गेले नाही. त्यांचं बरोबरच होतं. त्यांची सगळी अब्रू त्या नजरेत होती आणि ती नजर त्यांनी काळा दाणा बाजूला काढण्यात कमावली होती. दुसरा मार्गही मी सांगून टाकला. हाच माल ठेवायचा, ‘सल्फाइट असते’ असं ठळक लिहायचं आणि बाजारात विकायचा. ते नियमात बसतं. नाव लागतं, रंगही राहतो, फक्त पाचगणीची शाळा जाते. एवढं सांगून मी शेवटच्या गाडीनं साताऱ्याला परत आले.

दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी थोरल्या सुनेचा आला. चाची आदल्या रात्री जेवायला बसल्या तेव्हा धाकटा नातू मूठभर बेदाणे खात फिरत होता. चाचींनी त्याची मूठ उघडून बघितली. आत काळा बेदाणा. आमच्या भागात बरेच बागाईतदार घरी खायला थोडा माल धुरीशिवाय ठेवतात, चाचींच्या दिराकडूनही तसाच पिशवीभर येतो. इकायचा येगळा, घरातला येगळा, यात कोणाला कधी वावगं वाटलं नाही. सून म्हणाली, “आमाला म्हनल्या, आपल्या पोराला ह्यो आनि त्या पोरींस्नी त्यो, ह्ये काय बरं न्हाई. त्येंच्या दिराकडं मानूस धाडलाय.”

नव्या वड्या झाल्या. या वेळी मी प्रयोगशाळेला सल्फाइटचं आधी सांगितलं. कागद चांगला आला, तो पाचगणीला गेला. मेट्रनबाईंनी पहिल्या खेपेला ठरल्याच्या निम्म्याच वड्या मागवल्या. मुलींना रंग कसा वाटतो ते बघू, म्हणाल्या. मी नवं लेबल मांडलं आणि छापण्याआधी लॅपटॉप घेऊन चाचींकडे गेले. आधीचं लेबल मी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं, फक्त नाव दाखवलं होतं. या वेळी त्या म्हणाल्या, सगळं वाच.

मी सुरुवात केली. “घटक. बेदाणा, गूळ...”

“थांब. कंचा बेदाना?”

“ते लिहायला लागत नाही, चाची. नुसतं बेदाणा लिहिलं तरी नियमात बसतं.”

“काळा लिव.”

“अहो, काळा वाचून गिऱ्हाईक दचकेल. हिरव्याची सवय असते लोकांना.”

“दचकू दे. मला वाचाय येत न्हाई. दुसरं कोन वाचंल त्येला खरंच वाचाय मिळाय पायजे. लिव.”

मी लिहिलं, ‘काळा बेदाणा, गंधकाची धुरी न दिलेला’. पाकीट लहान, जागा मोजकी. ओळ वाढली तशी खालची सगळी अक्षरं सरकली आणि तळाच्या नावाला जागा उरली नाही. ते बसवायला मला त्याचा आकार कमी करावा लागला. नियमाला हवा तेवढाच ठेवला, त्याहून कणभर जास्त नाही.

चाची पडद्याकडे टक लावून बघत होत्या. अक्षरं त्यांना कळत नव्हती, पण नजर ती होतीच.

“माजं नाव बारीक झालं का गं?”

“झालं थोडं.”

त्यांनी पडद्यावर बोट ठेवून ते शोधलं. सापडल्यावर बोट तिथंच राहिलं.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “पोरींचं आदी.”